तीन नंबरची दुरुस्ती

लोकमान्य नगरात, दुसऱ्या मजल्यावर,
जेवणाच्या टेबलावर मी चानक उलगडतो.
शाफ्टला तिकडे सगळे चानकच म्हणत,
परासियाच्या पहिल्याच हिवाळ्यात मीही म्हणू लागलो.
चौतीस वर्षं गुंडाळलेला निळा कागद,
हात काढला की पुन्हा गुंडाळी धरतो.
एका कोपऱ्यावर शेवेचा डबा, एकावर अडकित्ता,
तिसऱ्यावर शाल्मलीची कंपासपेटी,
चौथा कोपरा वाळवीनं आधीच सोडवलाय.

खाणीचं पत्र आलंय.
खाण बंद पडून बरीच वर्षं झाली, पत्र मात्र आलंय:
तीन नंबरमध्ये पाणी भरलं आहे,
पंप सोडून ते वस्तीला द्यायचं आहे.
विटांचं अस्तर किती फुटांवर संपतं,
आपण त्या काळी वायुवीजन अधिकारी होतात,
कृपया कळवावे.

तीन नंबर आधी माणसांचं होतं.
पिंजरा, दोर, घंटेचे तीन ठोके.
मग पलीकडे नवं चानक झालं,
याचा दोर काढला, तोंडावर झाकण ओतलं,
बगलेत पंखा बसवला.
जिथून माणसं उतरत, तिथून पुढे
फक्त त्यांचा श्वास वर येऊ लागला,
कोमट, घामट, सुरुंगाच्या धुराचा.
जानेवारीत पंख्याच्या तोंडाशी कुत्री झोपत,
बाया वाकळा वाळत घालत
आणि रात्री आमची अख्खी पाळी पांघरून झोपत.

हवा आळशी असते, पोरांना मी शिकवायचो.
जवळची वाट दिसली की तीच धरते,
लांबच्या कोपऱ्यात कोण राबतंय, तिला काय त्याचं.
दारं लावा, पडदे लावा, भिंती घाला,
हाताला धरून न्या तिला
शेवटच्या माणसापर्यंत.
आणि परत आणा. परत आणणं लोक विसरतात.

आमच्या बिल्डिंगमध्येही एक चानक आहे.
चार मजल्यांची डक्ट, चारी न्हाणीघरांच्या खिडक्या त्यात,
वरून पत्रा ठोकलेला.
सभेत मी दोनदा म्हणालो, पत्रा काढा.
बक्षी म्हणाले, कबुतरं येऊन राहिलीत हो.
काल तिथे उदबत्ती धरून पाहिली:
धूर उभाच्या उभा. कुठेच गेला नाही.

तर, विटा.
नकाशात दोनशे दहा फूट लिहिलंय,
माझ्याच अक्षरात, ठाशीव.
पण दोनशे दहाला डोलातून वाकून
फुलसिंग धुर्वेनं हातोडी मारली, कान लावला,
पुन्हा मारली.
"साहब, यहाँ पत्थर बोलता नहीं."
मुका दगड म्हणजे सडका दगड.
त्यावर कडं कसं बसवायचं?
आम्ही खाली गेलो, फूट फूट, ठोकत,
पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं,
दोनशे बत्तीसला दगड खणखणीत बोलला.
धुर्वे हसला. तोंडात तंबाखू, टोपीवर दिवा,
त्याचं हसणं मला उजेडाआधी ऐकू आलं.

तपासणी चार दिवसांवर होती.
बावीस फुटांच्या विटा मी
पंखाघराच्या खात्यात टाकल्या
आणि नकाशा होता तसा ठेवला.
नंतर करू म्हटलं. नंतर बदली झाली,
मग इंदूर, मग मोतीबिंदू, मग हे टेबल.
धुर्वे गेल्या पावसाळ्यात गेला, असं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं.
म्हणजे ते बावीस फूट
आता एकट्या माझ्याकडे होते.

शाल्मली कंपासपेटी न्यायला आली.
तिच्याकडून लाल पेन्सिल तेवढी ठेवून घेतली.
पेटी उचलताच कागद त्या बाजूनं मिटला,
मी कोपरानं दाबून धरला.
दोनशे दहावर आडवी रेघ,
शेजारी दोनशे बत्तीस,
खाली सही,
आणि बराच वेळ पेन्सिल हातात धरून
आजची तारीख.